१४ एप्रिल : एका तारखेच्या चार गोष्टी

(मुलांच्या वर्गासाठीं पाठ)

अमुक दिवस चांगला, अमुक दिवस वाईट, असें आमच्या खेड्यापाड्यांत मुलांच्या कानांवर नेहमीं पडतें. अमावास्येस प्रवासास निघूं नये, अमुक वारीं नवें काम आरंभूं नये, हें तीं ऐकतात आणि ती भीति मनांत धरूनच मोठीं होतात. म्हणून आज आम्ही वर्षांतील एकच तारीख घेऊन, त्या तारखेस निरनिराळ्या सालीं काय काय घडलें तें सांगणार आहों. ती तारीख १४ एप्रिल. हा दिवस शुभ कीं अशुभ, हें पाठ संपल्यावर मुलांनींच सांगावें.

तारीख म्हणजे काय?

पंचांगांतील तिथि चंद्रावरून मोजतात. चंद्राचे बारा महिने सूर्याच्या वर्षापेक्षां सुमारें ११ दिवसांनीं कमी भरतात. म्हणून मधून मधून अधिक महिना घालून मेळ बसवावा लागतो. इंग्रजी तारीख सूर्यावरून मोजतात. पृथ्वी सूर्याभोंवतीं एक फेरा पुरा करून परत आली म्हणजे तीच तारीख पुन्हा येते. म्हणून १४ एप्रिल आमच्याकडे नेहमीं उन्हाळ्यांतच येतो. वार मात्र बदलतो. सन १८६५ त हा दिवस शुक्रवार होता, १८९१ त मंगळवार, १९१२ त रविवार आणि १९४४ त पुन्हा शुक्रवार.

एकाच तारखेस अनेक गोष्टी कां घडतात? ज्या शाळेंत ३६७ मुलें आहेत, तेथें निदान दोघांची जन्मतारीख एकच असलीच पाहिजे. कारण वर्षांत ३६६ हून अधिक तारखा नाहींत. जगांत तर हजारों वर्षें असंख्य गोष्टी घडत आल्या. त्या एवढ्याशा तारखांतच मावावयाच्या!

पहिली गोष्ट : सन १८६५

अब्राहाम लिंकन हा अमेरिकेंतील एका गरीब शेतकऱ्याचा मुलगा. लांकडाच्या ओंडक्यांच्या खोपटांत तो जन्मला. शाळा त्याला फार थोडी मिळाली; परंतु वाचनाच्या बळावर तो वकील झाला व सन १८६१ त त्या देशाचा अध्यक्ष झाला. त्या काळीं तेथें सुमारें ४० लक्ष काळे लोक गुलाम होते. बैल विकावा तशीं माणसें बाजारांत विकलीं जात; आईपासून लेंकरूं तोडून नेत. गुलामगिरीच्या प्रश्नावरून देशांत यादवी युद्ध पेटलें. १ जानेवारी १८६३ रोजीं लिंकननें, बंड करणाऱ्या प्रांतांतील गुलाम मोकळे झाले, असा जाहीरनामा काढला. पुढें सर्व देशांतून गुलामगिरी नाहींशी करणारा कायदा घटनेंत घालण्यासाठींही त्यानें खटपट केली.

युद्ध संपत आलें. ११ एप्रिल १८६५ रोजीं लिंकननें एका भाषणांत, कांहीं काळ्या लोकांस मत देण्याचा हक्क मिळावा, असें बोलून दाखविलें. श्रोत्यांत जॉन विल्क्स बूथ नांवाचा एक नट होता. त्याला तें सहन झालें नाहीं. तीन दिवसांनीं, १४ एप्रिलच्या रात्रीं, वॉशिंग्टन येथील नाटकगृहांत त्यानें लिंकनला मागून गोळी घातली. तो उत्तम शुक्रवार होता. दुसऱ्या दिवशीं सकाळीं लिंकन मरण पावला. परंतु गोळीनें कायदा मेला नाहीं. त्याच वर्षीं ६ डिसेंबर रोजीं गुलामगिरी बंद करणारी घटनादुरुस्ती मंजूर झाली.

दुसरी गोष्ट : सन १८९१

लिंकनच्या खुनास २६ वर्षें झालीं, त्या तारखेस मध्य हिंदुस्थानांतील महू येथील लष्करी छावणींत सुभेदार रामजी सकपाळ व भीमाबाई यांच्या पोटीं चौदावें मूल जन्मास आलें. तेच डॉ. भीमराव आंबेडकर. त्यांचें मूळ गांव रत्नागिरी जिल्ह्यांतील आंबडवें. साताऱ्याच्या शाळेंत त्यांना इतर मुलांपासून वेगळें, घरून आणलेल्या गोणपाटावर बसावें लागे. तहान लागली तरी भांड्यास हात लावण्याची सोय नव्हती. शिपायानें वरून पाणी ओतलें तर प्यावयाचें, शिपाई नसेल तर तसेंच राहावयाचें.

हें आमच्या वाचकांस समजावून सांगावें लागत नाहीं. आमच्या मंडळ्यांतील कितीएक घरांतील वडील माणसांनीं वेगळें पाणी व वेगळी पंगत यांचा अनुभव घेतलेला आहे. तो मुलगा मात्र शिकत राहिला. न्यूयॉर्क व लंडन येथें त्यानें मोठमोठ्या पदव्या मिळविल्या. २० मार्च १९२७ रोजीं महाडच्या चवदार तळ्यावर त्यांनीं आपल्या लोकांसह पाणी प्राशन केलें. सन १९४७ त स्वतंत्र भारताच्या घटनेचा मसुदा करणाऱ्या समितीचे ते अध्यक्ष झाले. २६ जानेवारी १९५० पासून ती घटना पूर्ण अमलांत आली. तिचें १७ वें कलम सांगतें कीं, अस्पृश्यता नष्ट केली आहे. ज्याला भांडें शिवूं देत नसत, त्याच्याच देखरेखीखालीं हें कलम लिहिलें गेलें.

तिसरी गोष्ट : सन १९१२

टायटॅनिक ही त्या वेळची जगांतील सर्वांत मोठी आगबोट. ती १० एप्रिल रोजीं इंग्लंडहून अमेरिकेस निघाली. तिच्यावर सुमारें २,२०० माणसें होतीं. जीव वांचविण्याच्या होड्या २०, आणि त्यांत जागा १,१७८ जणांपुरतीच. १४ एप्रिल रोजीं इतर बोटींनीं बिनतारी यंत्रानें, पुढें बर्फ आहे, अशा सूचना दिवसभर धाडल्या. एक सूचना तर बोट चालविणाऱ्यांपर्यंत पोंचलीच नाहीं. बोटीचा वेग कमी झाला नाहीं. रात्रीं ११ वाजून ४० मिनिटांनीं ती बर्फाच्या डोंगरास घासली व तीन तासांच्या आंत बुडाली. दीड हजारांवर माणसें मेलीं. कांहीं होड्या तर अर्ध्या रिकाम्याच सुटल्या होत्या. जवळच असलेल्या दुसऱ्या एका बोटीचा बिनतारी यंत्रवाला थोड्याच वेळापूर्वीं यंत्र बंद करून निजला होता.

ह्या अनर्थानंतर सन १९१४ त राष्ट्रांनीं एकत्र येऊन, बोटीवरील प्रत्येक माणसास होडींत जागा असावी, असे नियम ठरविले.

चौथी गोष्ट : सन १९४४

ही आमच्या मुंबईची. महायुद्ध चालू होतें. फोर्ट स्टिकीन नांवाची बोट व्हिक्टोरिया गोदींत लागली होती. तिच्यावर सुमारें १,४०० टन दारूगोळा, शिवाय सोन्याच्या विटा आणि कराचीस भरलेल्या कापसाच्या गांठी. कापूस खालीं व दारूगोळा वर, असा तो माल रचलेला! धोक्याचें लाल निशाण बोटीवर लावलेलें नव्हतें. बोट येऊन दोन दिवस झाले तरी दारूगोळा उतरलेला नव्हता. १४ एप्रिलच्या दुपारीं कापसास आग लागली. चार वाजून गेल्यावर बोट फुटली आणि अर्ध्या तासानें दुसरा स्फोट झाला. त्याचा धक्का दूर सिमल्याच्या भूकंपमापक यंत्रावर उमटला. शेंकडों माणसें दगावलीं. आग विझविण्यास गेलेले ६६ बंबवाले तेथेंच मेले. ते पळून गेले नाहींत. त्यांची आठवण म्हणून १४ एप्रिल हा दिवस भारतभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळतात.

यावरून काय शिकावें?

आतां मुलांस विचारावें, हा दिवस शुभ कीं अशुभ? आणखी एक गोष्ट त्यांस सांगावी. वॉशिंग्टनला लिंकनवर गोळी झाडली गेली व समुद्रांत टायटॅनिक बर्फास घासली, त्या वेळीं तेथें १४ तारखेची रात्र होती; आमच्याकडे १५ तारखेची सकाळ उजाडली होती. मग दोष कोणत्या तारखेस द्यावा?

तारीख हें रिकामें भांडें आहे. बूथनें त्यांत द्वेष ओतला. टायटॅनिक चालविणाऱ्यांनीं बेफिकिरी ओतली. गोदींतील निष्काळजीपणानें आग ओतली. बंबवाल्यांनीं त्याच आगींत आपला प्राण ओतला. आणि महूच्या त्या मुलाची जन्मवेळ पाहून कोणी भविष्य सांगितलें असतें, तरी गोणपाटावर बसून त्यानें जो अभ्यास केला तो त्या भविष्यानें करून दिला नसता. दिवसास भिण्याचें कारण नाहीं. भ्यावें तें आपल्या आळसास व दुसऱ्यास तुच्छ लेखण्यास. कोणी सावध करीत असतां कान बंद करणें, हाच खरा अशुभ मुहूर्त होय.

मुलांस विचारण्याचे प्रश्न

१. १४ एप्रिल दरवर्षीं एकाच वारीं कां येत नाहीं?
२. लिंकनला कोणत्या भाषणामुळें शत्रु झाला?
३. घटनेचें १७ वें कलम काय सांगतें? आमच्या गांवांत तें पाळलें जातें काय?
४. टायटॅनिकवरील किती माणसांस होड्यांत जागा नव्हती? वजाबाकी करून सांगा.
५. कापूस व दारूगोळा एकत्र ठेवण्यांत चूक काय? आपल्या घरीं चुलीजवळ अशी कोणती वस्तु ठेवूं नये?
६. तुमच्या जन्मतारखेस पूर्वीं काय घडलें तें मास्तरांस विचारून या, आणि पुढील वर्गांत सांगा.