संगीत नाटकाला जायचंय? तिकिटापासून टॅक्सीपर्यंतचा हिशोब

मालिकेत रोज दिसणारा आवडता नट समोर उभा राहून ऑर्गन-तबल्याच्या साथीने गातो, हा अनुभव मुंबईकराला आजही परवडतो. तरीही ‘नाटक आता फार महाग झालंय’ या एका वाक्यावर अनेक घरांतला बेत मोडतो. म्हणून गिरगाव, दादर, परळ, लालबाग या पट्ट्यातल्या प्रेक्षकासाठी हा सगळा खर्च इथे मांडला आहे. दर २०२५ च्या सुमाराचे आणि साधारण आहेत. नेमका दर त्या त्या प्रयोगाच्या जाहिरातीत पाहावा.

पैसे काढण्याआधी: गाणार कोण?

संगीत नाटकात नाटकाच्या नावाइतकंच महत्त्व गाणाऱ्या नटाला असतं. ‘कट्यार काळजात घुसली’ १९६७ साली रंगमंचावर आलं, तेव्हा खाँसाहेबांची भूमिका वसंतराव देशपांडे करत होते. २०१० मध्ये नाटक पुन्हा उभं राहिलं, तेव्हा त्याच भूमिकेत त्यांचे नातू राहुल देशपांडे होते. नाटक तेच, अनुभव मात्र वेगळा. दोन्ही आपल्या जागी मोलाचे, पण प्रेक्षकाला आपण कोणासाठी तिकीट काढतोय हे ठाऊक असायला हवं.

त्यामुळे जाहिरात नीट वाचा. ‘नव्या संचात’ असं छापलं असेल तर मूळ कलाकार बदललेले असतात. जुना फोटो पाहून तिकीट काढू नका. नटाचं नाव त्याच प्रयोगाच्या जाहिरातीत आहे का, ते बघा. नसेल तर तिकीट खिडकीवर किंवा जाहिरातीतल्या क्रमांकावर सरळ विचारा. काही भूमिका दोन कलाकार आलटून पालटून करतात, तेव्हा तारीख सांगून विचारा. चौकशी करताना ‘नाटकात गाणी प्रत्यक्ष गातात की ध्वनिमुद्रित असतात?’ हेही विचारून घ्या. गाण्यासाठीच जाणाऱ्याला हा प्रश्न विचारायचा पूर्ण हक्क आहे.

कुठे बघाल?

गिरगावात केळेवाडीतलं मुंबई मराठी साहित्य संघाचं नाट्यगृह चर्नी रोड स्थानकापासून चालत जाण्याजोगं आहे. १९३५ साली स्थापन झालेल्या या संस्थेचं संगीत नाटकाशी जुनं नातं आहे. दादरला प्लाझाजवळ १९६५ पासूनचं शिवाजी मंदिर आहे. माटुंगा रोड स्थानकाजवळ नाट्यपरिषदेचं यशवंत नाट्य मंदिर आहे, आणि प्रभादेवीला नूतनीकरणानंतर २०२५ मध्ये पुन्हा खुलं झालेलं रवींद्र नाट्य मंदिर.

परळ-लालबागकरांचं हक्काचं दामोदर नाट्यगृह मात्र पुनर्विकासासाठी २०२३ च्या अखेरीस बंद झालं. १९२२ पासून गिरणगावच्या माणसाला घराजवळ नाटक दाखवणारी ही वास्तू होती. आता तिथल्या प्रेक्षकाला दादर किंवा प्रभादेवी गाठावं लागतं, म्हणून त्याच्या हिशोबात प्रवासाची भर पडते.

तिकीट किती?

व्यावसायिक मराठी नाटकाची बाल्कनी साधारण २०० ते ३०० रुपये, मधल्या रांगा ३०० ते ४०० आणि पुढच्या ५०० रुपयांच्या आसपास असतात. लोकप्रिय नटाच्या नाटकाला किंवा विशेष प्रयोगाला दर यापेक्षा जास्त असू शकतो.

इथे ५०० हा आकडा लक्षात ठेवा. नाटकाच्या तिकिटावर माणशी ५०० रुपयांपर्यंत जीएसटी नाही. दर त्यावर गेला की पूर्ण रकमेवर १८ टक्के कर बसतो. म्हणजे ६०० चं तिकीट ७०८ रुपयांना पडतं. जाहिरातीतला दर करासह आहे की कराशिवाय, ते पाहून घ्या.

ऑनलाइन तिकीट बुक माय शो किंवा तिकिटालय अशा अ‍ॅपवर मिळतं. तिथे सुविधा शुल्क लागत असेल तर त्याचा आकडा पैसे भरण्याआधीच्या पानावर दिसतो. चार तिकिटांचं मिळून ते शंभर-दीडशे रुपयांपर्यंत जाऊ शकतं. नाट्यगृहाच्या खिडकीवर हा खर्च वाचतो, शिवाय खुर्च्यांचा आराखडा, म्हणजे ‘प्लॅन’, समोर ठेवून जागा निवडता येते. खिडकी दिवसभर उघडी नसते, सकाळ-संध्याकाळच्या ठरलेल्या वेळा जाहिरातीत असतात. गाजणाऱ्या नाटकाचा प्लॅन ज्या दिवशी उघडतो त्याच दिवशी जाणं चांगलं.

कधी कधी एखादी संस्था किंवा मंडळ संपूर्ण प्रयोग विकत घेतं. अशा वेळी खिडकीवर तिकिटं मिळत नाहीत, आयोजकांकडे मागावी लागतात. मदतनिधीच्या प्रयोगाचा दर चढा असतो. त्यातला फरक देणगी समजावा. ही प्रथा जुनी आहे. गायक-नट बालगंधर्व आणि केशवराव भोसले ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत ‘संयुक्त मानापमान’ या नाट्यप्रयोगात एकत्र उभे राहिले, तोही टिळक स्वराज्य फंडासाठीच.

हात आखडता असेल तर राज्य शासनाच्या संगीत नाट्य स्पर्धेवर लक्ष ठेवा. तिथे तिकीट नाममात्र असतं. ओळखीचा चेहरा दिसेलच असं नाही, पण तयारीचे गळे ऐकायला मिळतात.

परदेशी संगीतिकांचं गणित पूर्ण वेगळं आहे. वांद्रे-कुर्ला संकुलातल्या नीता मुकेश अंबानी कल्चरल सेंटरमध्ये २०२३ साली ‘द साउंड ऑफ म्युझिक’ आणि २०२५ मध्ये ‘द फँटम ऑफ द ऑपेरा’ आलं. अशा प्रयोगांना चांगल्या जागेचे पैसे हजारांत मोजावे लागतात. तेवढ्यात मराठी संगीत नाटक सहकुटुंब पाहून होतं.

जागा कोणती घ्यावी?

सर्वांत महाग जागा गाण्यासाठी सर्वांत चांगली असतेच असं नाही. अगदी पहिल्या रांगेत मान वर करून बसावं लागतं, आणि एका बाजूला बसलात तर त्या बाजूचा ध्वनिक्षेपकच जास्त ऐकू येतो. सहावी ते दहावी रांग, मधल्या खुर्च्या, हा चेहरा आणि गळा दोन्हींसाठी उत्तम पर्याय. पैसे वाचवायचे असतील तर बाल्कनीची पहिली रांग घ्या. गाणं तिथे व्यवस्थित पोचतं. ज्येष्ठांसाठी बाल्कनी घेण्याआधी जिने आणि लिफ्टची चौकशी करा. लहान मुलांना कितव्या वर्षापासून तिकीट लागतं, तेही विचारा.

जाणं-येणं

चर्नी रोड ते दादर लोकलचं साधं तिकीट ५ रुपये. बेस्टचं किमान भाडं साध्या बसला १० आणि वातानुकूलित बसला १२ रुपये. टॅक्सीचं किमान भाडं ३१ रुपये. या भागात रिक्षा नाहीत, हे उपनगरातून येणाऱ्या पाहुण्यांना आधी सांगा. भुयारी मेट्रोची गिरगाव, सिद्धिविनायक आणि दादर ही स्थानकं नाट्यगृहांना सोयीची आहेत, पण तिची शेवटची गाडी साडेदहाच्या सुमारास सुटते. रात्री साडेआठचा प्रयोग संपेपर्यंत ती मिळणार नाही. प्रभादेवीचा जुना उड्डाणपूल सप्टेंबर २०२५ मध्ये पाडकामासाठी बंद झाला. नवा पूल होईपर्यंत परळहून रवींद्रला टॅक्सीने वळसा पडतो, तेव्हा थोडं लवकर निघा.

संगीत नाटक छापील वेळेपेक्षा लांबू शकतं. पद रंगलं की ‘वन्स मोअर’ येतो, आणि गायक तो घेतो. त्या आनंदात घड्याळ पाहावं लागू नये म्हणून लांब राहणाऱ्यांनी दुपारचा प्रयोग निवडावा. गणेशोत्सवात लालबाग-परळचे रस्ते गच्च असतात. त्या दिवसांत लोकलवरच भरवसा ठेवा.

मध्यंतर

बटाटेवडा आणि चहा, माणशी ५० ते ६० रुपये धरा. मध्यंतर छोटं आणि रांग मोठी असते. पोटभर खायचं असेल तर आधीच खाऊन घ्या: दादरला प्रकाशचं पीयूष आणि साबुदाणा वडा, गिरगावात विनय हेल्थ होमची मिसळ.

तीन हिशोब

१. एकटा प्रेक्षक, गिरगावहून दादर: बाल्कनी २५०, लोकल जाऊन-येऊन १०, वडा-चहा ५०. एकूण ३१० रुपये.

२. ज्येष्ठ दांपत्य, लालबागहून गिरगाव: पुढची दोन तिकिटं १०००, टॅक्सी जाऊन-येऊन अंदाजे २५०, खाणं १२०. एकूण १३७० रुपये.

३. चौघांचं कुटुंब, परळहून शिवाजी मंदिर: मधली चार तिकिटं १६००, ऑनलाइन शुल्क १५०, टॅक्सी जाऊन-येऊन १५०, खाणं २४०. एकूण २१४० रुपये. तिकीट खिडकीवर काढून साध्या बसने गेलात तर प्रवास ८० रुपयांत होतो आणि बेरीज १९२० वर येते. वाचलेल्या २२० रुपयांत एक जास्तीचं बाल्कनीचं तिकीट निघू शकतं. आजीला सोबत न्या.

अडचण आली तर

काढलेलं तिकीट सहसा परत घेत नाहीत. प्रयोग रद्द झाला तर पैसे मागायचा तुमचा हक्क आहे. त्यासाठी तिकीट आणि जाहिरातीचं कात्रण जपून ठेवा. जाहीर केलेला प्रमुख कलाकार येणार नसल्याचं कळलं तर पडदा उघडण्याआधीच व्यवस्थापकांशी बोला. पूर्ण प्रयोग पाहून झाल्यावर परतावा मागितला तर बाजू कमकुवत होते. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

शेवटचा सल्ला

‘पुढच्या वेळी बघू’ म्हणू नका. ‘संगीत देवबाभळी’सारख्या भरभरून चाललेल्या नाटकानेही २२ नोव्हेंबर २०२३ रोजी षण्मुखानंदमध्ये ५०० व्या प्रयोगाला निरोप घेतला होता. संगीत नाटकाला गाता गळा असलेले नट लागतात, साथीदार लागतात, तालमी लागतात. हा सगळा खर्च निघतो तो तिकीट खिडकीवर. फुकट पासाची वाट पाहण्यापेक्षा बाल्कनीचं का होईना, तिकीट विकत घ्या. आवडत्या नटाला पुन्हा गाताना ऐकायचं असेल, तर त्याचा पुढचा प्रयोग लागणं तुमच्या त्या तिकिटावर अवलंबून आहे.