रात्री वारंवार लघवीला उठावे लागते? आधी ताटाकडे पाहा



काही दुखणी आपण घरच्यांनाही सांगत नाही. रात्री लघवीसाठी तीन-चार वेळा उठावे लागणे हे त्यांपैकी एक. ‘वय झाले, चालायचेच’ असे म्हणून आपण गप्प बसतो. पण अंधारात न्हाणीघराकडे जाताना पाय घसरला आणि खुब्याचे हाड मोडले, तर सारे घर हवालदिल होते. म्हणून आज या विषयावर मोकळेपणाने बोलू या.

असे का होते?

झोपेत लघवी कमी तयार व्हावी म्हणून मेंदूतून एक संप्रेरक स्रवते. उतारवयात ते कमी पडू लागते. शिवाय दिवसभर पायांत साठलेले पाणी आडवे झाल्यावर रक्तात परत येते व लघवीवाटे बाहेर पडते. रात्री एकदा उठणे वयोमानाप्रमाणे स्वाभाविक आहे. दोन किंवा अधिक वेळा उठावे लागत असेल, तर लक्ष द्यावे.

मीठ कमी करा

पाणी कमी प्यावे हे सर्वांना सुचते, मीठ कमी करणे मात्र सुचत नाही. जपानमधील नागासाकी विद्यापीठाच्या डॉक्टरांनी ३२१ रुग्णांना मीठ कमी करण्याचा सल्ला दिला. २२३ जणांचे रोजचे मीठ सरासरी १०.७ ग्रॅमवरून ८ ग्रॅमवर आले आणि रात्रीचे उठणे २.३ वेळांवरून १.४ वर आले. ज्या ९८ जणांचे मीठ उलट वाढले, त्यांचे उठणेही वाढले. हे निष्कर्ष २०१७ साली मांडण्यात आले.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे जेमतेम एक छोटा चमचा मीठ पुरे. सुके बोंबील, सुकट, पापड, लोणचे, फरसाण यांतील मीठही त्यातच धरावे. निदान रात्रीच्या ताटात हे पदार्थ नकोत.

आणखी काय टाळावे?

१. दुपारनंतर चहा, कॉफी व कोला. यांतील कॅफिनमुळे मूत्राशय चाळवते.
२. रात्रीचे मद्य. ते वरील संप्रेरकालाच अडवते.
३. झोपण्यापूर्वी ताक, सूप, पेज, कलिंगड. हेही पाणीच!
४. फार तिखट व आंबट पदार्थ. हे सर्वांनाच बाधत नाहीत. एकेक पदार्थ आठवडाभर बंद करून स्वतःच पडताळून पाहावे.

काय खावे?

भात, भाकरी, दुधी, बटाटा, अंडी, ताजे मासे, पेर आणि आपले केळे मूत्राशयाला सहसा त्रास देत नाहीत. बद्धकोष्ठता असेल तर भरलेले आतडे मूत्राशयावर दाब देते. म्हणून पालेभाज्या, कडधान्ये व फळे रोज खावीत. मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी फळांचे प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवावे. हा आहार औषध नव्हे. त्याने त्रास कमी होऊ शकतो, इतकेच.

पाणी तोडू नका

पाणी फारच कमी प्यायल्यास लघवी दाट होते, जळजळते आणि मूतखड्याचा धोका वाढतो. दिवसा पुरेसे पाणी प्यावे, झोपण्यापूर्वी दोन-तीन तास कमी करावे. संध्याकाळी थोडा वेळ पाय उंचावर ठेवून पडावे. रात्री वाटेवर छोटा दिवा ठेवावा.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

सोबत खूप तहान लागणे, वजन घटणे, लघवीत रक्त, जळजळ, ताप, धार बारीक होणे किंवा पायांवर सूज असेल, तर आहारावर विसंबू नये. यामागे मधुमेह, प्रोस्टेट किंवा हृदयाचा विकार असू शकतो. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही लघवी वाढते. त्या स्वतःहून बंद न करता घेण्याची वेळ डॉक्टरांना विचारावी.

तीन दिवस एका कागदावर काय प्यायलो, किती वाजता उठलो हे लिहून ठेवा. तो कागद डॉक्टरांच्या फार उपयोगी पडेल. आणि घरातल्या तरुणांनो, आज आपल्या आजी-आजोबांना एवढेच विचारा, ‘रात्री झोप नीट लागते ना?’