केस गळणे आणि शरीरातील लोह

कंगव्यात केसांचे पुंजके येऊ लागले की आपण तेल बदलतो. परंतु अनेकदा कारण रक्तात असते. लोह कमी पडले की केसांच्या मुळांना पोषण पुरत नाही व केस गळू लागतात.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. बीड जिल्ह्यातून ऊसतोडीस जाणाऱ्या भगिनींच्या वाट्याला कष्ट फार आणि आहार अपुरा येतो. त्यात पाळीत अतिस्राव झाल्यास लोह आणखी घटते.

म्हणून प्रथम हिमोग्लोबिन तपासावे. गरोदर नसलेल्या स्त्रीत ते १२ ग्रॅमपेक्षा कमी असल्यास रक्तक्षय समजावा. हिमोग्लोबिन ठीक असूनही लोहाचा साठा कमी असू शकतो. तो फेरिटिन तपासणीत कळतो.

१० ते १९ वर्षांच्या मुलामुलींसाठी आठवड्याला ६० मिलिग्रॅम लोहाची एक निळी गोळी शासनातर्फे मोफत असते. विद्यार्थिनींनी ती टाळू नये. गोळी जेवणानंतर घ्यावी, चहासोबत नको. लिंबू, आवळा यांमुळे लोह चांगले शोषले जाते. शौचास काळे झाल्यास घाबरू नये.

थायरॉईडच्या विकारानेही केस गळतात आणि गरज नसताना घेतलेले लोह अपाय करते. म्हणून गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्याव्यात. केस परत येण्यास काही महिने लागतात; उपचार मध्येच सोडू नयेत.