आजी का विसरते?

आजी चष्मा कुठे ठेवला ते विसरली, तर आपण हसतो आणि तो शोधून देतो. पण जेवून तासभर झाला नाही तोच ती ‘मला कुणी वाढलेच नाही’ म्हणू लागली, किंवा रोजच्या देवळातून येताना वाट चुकली, तर? ‘म्हातारचळ लागला’ म्हणून लोक विषय संपवतात. वास्तविक हा मेंदूचा विकार आहे. त्याला स्मृतिभ्रंश म्हणतात.

त्याची कारणे अनेक आहेत. सर्वांत जास्त आढळणारे कारण म्हणजे अल्झायमरचा रोग. अलॉइस अल्झायमर या जर्मन डॉक्टरांनी १९०६ साली एका मृत स्त्रीच्या मेंदूचे वर्णन केले. पेशींच्या बाहेर प्रथिनांचे साठे आणि पेशींच्या आत तंतूंचा गुंता त्यांना दिसला. या रोगात चेतापेशी हळूहळू मरतात. नव्या आठवणी साठवण्यास मदत करणारा हिप्पोकॅम्पस हा भाग बहुधा लवकर बिघडतो. म्हणूनच आजीला माहेरच्या ओव्या आठवतात, पण सकाळचा नाश्ता आठवत नाही!

भारतात साठीपुढील दर शंभर व्यक्तींपैकी सुमारे सात जणांना स्मृतिभ्रंश असावा, असा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झाला. ही संख्या ८८ लाखांच्या घरात जाते. मेंदूचे तज्ज्ञ मात्र थोडे, आणि तेही बहुतेक शहरांत.

निदानातही एक अडचण आहे. परदेशी चाचणीत ‘एक वाक्य लिहा’ असे सांगतात. शाळेची पायरीही न चढलेल्या आजीला ते कसे जमावे? यासाठी हरयाणातील बल्लभगढ भागात संशोधकांनी निरक्षर वृद्धांनाही देता येईल अशी हिंदी चाचणी तयार केली.

मग तज्ज्ञ नसतील तेथे काय करावे? गोव्यात यावर एक प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले. प्रशिक्षण दिलेले स्थानिक कार्यकर्ते रुग्णांच्या घरी जात, रोग समजावून सांगत आणि रुग्णाशी कसे वागावे ते शिकवत. एकूण ८१ कुटुंबे निवडली होती. त्यांपैकी सुमारे निम्म्यांना ही मदत आधी मिळाली, उरलेल्यांना सहा महिन्यांनी. दोन्ही गटांची तुलना केली, तेव्हा मदत मिळालेल्या घरांत शुश्रूषा करणाऱ्यांच्या मनावरचा ताण कमी झालेला आढळला. रोग बरा झाला नाही, पण घर सावरले.

तुम्हीही हे करू शकता. आजीशी वाद घालू नका. तिच्या वस्तू ठरलेल्या जागी ठेवा. मोठ्या अक्षरांचे कॅलेंडर तिच्यासमोर लावा. डॉक्टरांना अवश्य दाखवा, कारण ब-१२ जीवनसत्त्वाच्या कमतरतेमुळे किंवा थायरॉइडच्या विकारामुळे येणारा विसराळूपणा उपचारांनी कमी होऊ शकतो. आणि रविवारी दुपारी दोन तास आजीजवळ तुम्ही बसा. रोज तिचे सारे करणाऱ्या तुमच्या आईला तेवढीच झोप मिळेल.