इथेनॉलमिश्रित इंधन आणि टर्बो एंजिन

मोटारीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे प्रायोगिक प्रकल्प 2001 साली देशात सुरू झाले, तेव्हा निवडलेल्या मोजक्या ठिकाणांत महाराष्ट्रातील मिरज आणि मनमाड यांचा समावेश होता. 2003 साली 5 टक्के मिश्रणाचा कार्यक्रम नऊ राज्यांत व चार केंद्रशासित प्रदेशांत लागू झाला, जून 2022 मध्ये देशाची सरासरी 10 टक्क्यांपर्यंत पोहोचली आणि फेब्रुवारी 2023 मध्ये 20 टक्के मिश्रणाचे पेट्रोल पंपांवर आले. उसाची मळी, उसाचा रस आणि आता मका व इतर धान्ये यांपासून निघणारे हे इंधन साखर कारखान्यांच्या व शेतकऱ्यांच्या अर्थकारणाशी निगडित आहे, हे या राज्यात कोणास सांगावयास नको. परंतु ज्या एंजिनात ते जाळावयाचे, त्या एंजिनाच्या दृष्टीने इथेनॉलचा विचार आपल्याकडे क्वचितच होतो. "इथेनॉल घातले की गाडीचे ॲव्हरेज घटते" एवढ्यावरच चर्चा थांबते. हे विधान खोटे नाही. मात्र ते अपुरे आहे.

प्रथम घटीचा हिशेब पाहू. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे 32 मेगाज्यूल उष्णता असते, तर एक लिटर इथेनॉलमध्ये सुमारे 21. म्हणजे 20 टक्के मिश्रणाच्या एका लिटरमध्ये 25.6 अधिक 4.2, असे जवळजवळ 29.8 मेगाज्यूल येतात. ही घट सात टक्क्यांच्या आसपास भरते. नीती आयोगाच्या 2021 च्या आराखड्यातही, शुद्ध पेट्रोलसाठी रचलेल्या व 10 टक्के मिश्रणास जुळवलेल्या चारचाकी वाहनांची कार्यक्षमता 20 टक्के मिश्रणावर 6 ते 7 टक्क्यांनी घटेल, असा अंदाज दिला होता. तो या गणिताशी जुळतो.

मग लाभ कोठे आहे? तो दोन गुणांत आहे. पहिला गुण ऑक्टेन अंकाचा. सिलिंडरमध्ये दाबलेले मिश्रण ठिणगीने पेटून ज्वाला शांतपणे पसरावी, अशी अपेक्षा असते. दाब व उष्णता मर्यादेबाहेर गेल्यास ज्वाला पोहोचण्यापूर्वीच उरलेले मिश्रण आपोआप भडकते आणि एंजिनातून धातूवर हातोडी मारल्यासारखा आवाज येतो. यास नॉकिंग म्हणतात. जोराचे नॉकिंग थोड्या वेळातही पिस्टन फोडू शकते. साध्या पेट्रोलचा ऑक्टेन अंक आपल्याकडे 91 धरला जातो. इथेनॉलचा 108 च्या घरात आहे. दुसरा गुण बाष्पीभवनाचा. एक किलो पेट्रोलची वाफ होताना सुमारे 350 किलोज्यूल उष्णता शोषली जाते. इथेनॉलच्या बाबतीत 900 च्या आसपास. शिवाय तेवढ्याच हवेत इथेनॉल अधिक जाळावे लागते, कारण एक किलो पेट्रोलला 14.7 किलो हवा लागते, तर एक किलो इथेनॉलला केवळ 9 किलो. दोन्ही गोष्टी एकत्र केल्यास, हवेच्या प्रत्येक किलोमागे इथेनॉल पेट्रोलच्या चौपट थंडावा देते. हातावर स्पिरिट घेतले असता जो गारवा जाणवतो, तोच सिलिंडरमध्ये उपयोगी पडतो.

साध्या एंजिनात हे दोन्ही गुण बव्हंशी वाया जातात, कारण त्याचे संपीडन गुणोत्तर कारखान्यातच कायमचे ठरलेले असते. टर्बोचार्जरचे तसे नाही. बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर एक चक्र फिरते, ते दुसरे चक्र फिरवते आणि त्यायोगे हवा दाबून एंजिनात भरली जाते. दाबलेली हवा तापते. ती तापली की नॉकिंगचा धोका वाढतो. म्हणून पेट्रोलवर चालणाऱ्या टर्बो एंजिनात दाब आवरता ठेवावा लागतो आणि ठिणगी उशिरा पाडावी लागते, अर्थात शक्तीचा काही अंश जाणूनबुजून सोडून द्यावा लागतो. हा दाब किती ठेवावयाचा, हे विद्युतीय नियंत्रकाच्या हाती असते. इंधन अधिक थंड व अधिक सहनशील असेल, तर नियंत्रक तोच लगाम सैल करू शकतो.

याचे अभ्यासण्याजोगे उदाहरण स्वीडनमधील साब कंपनीच्या मोटारीचे आहे. 2005 साली तेथे विक्रीस आलेली साब 9-5 बायोपॉवर ही मोटार पेट्रोलवर आणि 85 टक्के इथेनॉलच्या मिश्रणावर, तसेच दोहोंच्या कोणत्याही प्रमाणावर चालत असे. तिचे दोन लिटरचे टर्बो एंजिन पेट्रोलवर 150 अश्वशक्ती देई आणि इथेनॉलवर तेच एंजिन 180 देई. फिरकीबल 240 न्यूटन-मीटरवरून 280 वर जाई. एंजिनाचा आकार बदलला नव्हता. नियंत्रकाने टर्बोचा दाब वाढविला व ठिणगी लवकर पाडली, इतकेच. झडपा व त्यांच्या बैठका मात्र अधिक टिकाऊ दिलेल्या होत्या आणि इंधनाच्या नळ्या व जोड इथेनॉल सोसतील अशा पदार्थांचे होते. स्वीडनने 2006 पासून मोठ्या पंपांना नवीकरणीय इंधन ठेवणे कायद्याने बंधनकारक केले आणि बहुतेकांनी 85 टक्क्यांचे मिश्रण निवडले. तेथे जळणाऱ्या इथेनॉलचा मोठा भाग त्या काळी ब्राझीलच्या उसाचा होता. पुढे साब कंपनी 2011 साली दिवाळखोरीत निघाली. तो दोष या एंजिनाचा नव्हे.

एक गोष्ट मात्र झाकून ठेवू नये. ही मोटार इथेनॉलवर अधिक शक्ती देई, पण इंधनही अधिक पिई. 85 टक्के मिश्रणात प्रतिलिटर उष्णता 28 टक्क्यांच्या आसपास कमी असते आणि तेवढ्याच हवेसाठी सुमारे 40 टक्के अधिक आकारमानाचे इंधन लागते. शक्ती वाढली म्हणजे काटकसर झाली, असा समज करून घेणे चुकीचे ठरेल.

हा 40 टक्क्यांचा आकडाच हौशी फेरबदल करणाऱ्यांस महागात पडतो. मार्च 2024 मध्ये महाराष्ट्रासह पाच राज्यांतील 183 पंपांवर जवळजवळ शुद्ध स्वरूपाचे इथेनॉल इंधन उपलब्ध करण्यात आल्याचे जाहीर झाले. लहान टर्बो पेट्रोल मोटारीही आता तालुक्याच्या गावांत दिसतात. त्यांचा नियंत्रक संगणकाने नव्याने लिहून देणारे कारागीर शहरांत आहेत. असे काम नीट न झाल्यास हानी दोन परस्परविरुद्ध मार्गांनी होते. पेट्रोलसाठी लिहिलेल्या नियंत्रकावर इथेनॉलचे प्रमाण फार वाढले, तर पंप व इंधन फवारणाऱ्या सुया पुरेसे इंधन देऊ शकत नाहीत. मिश्रण पातळ होते आणि भर वेगात पिस्टन तापून वितळू शकतो. उलट इथेनॉलसाठी दाब व ठिणगी वाढवून ठेवली आणि टाकीत साधे पेट्रोल भरले, तर जबर नॉकिंग होऊन पिस्टनच्या कड्या व त्यांमधील धातू तुटतो. दुसरा प्रकार अधिक फसवा आहे, कारण तो केवळ एका पंपावर थांबल्याने घडतो. टाकीत 85 टक्क्यांचे 20 लिटर शिल्लक असताना 20 टक्क्यांचे 20 लिटर भरले, तर मिश्रण 52.5 टक्क्यांचे होते. चालकास ते कळत नाही. नियंत्रकास कळले पाहिजे.

त्यासाठी दोन उपाय आहेत. साबच्या मोटारीत इंधन भरल्यानंतर धुरातील ऑक्सिजनच्या मापनावरून नियंत्रक इथेनॉलचे प्रमाण स्वतः ताडत असे. दुसरा उपाय म्हणजे इंधनाच्या नळीत बसविलेला संवेदक. विजेच्या क्षेत्रात पेट्रोलचा परावैद्युत स्थिरांक सुमारे 2, तर इथेनॉलचा 24 च्या जवळपास असतो. या अंतरावरून संवेदक प्रमाण ओळखतो आणि सेकंदास 50 ते 150 स्पंदनांच्या संकेताने नियंत्रकास कळवितो. असा संवेदक व त्यास जुळणारा नियंत्रक नसेल, तर अधिक इथेनॉलसाठी टर्बोचा दाब वाढवून घेऊ नये, असे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे. कायद्याची बाजूही आहेच. मोटार वाहन अधिनियम 1988 च्या कलम 52 नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलाहून वेगळे ठरतील असा फेरबदल मालकास करता येत नाही.

आता पाण्याविषयी. इथेनॉल पाण्यात पूर्णपणे मिसळते. पेट्रोल मिसळत नाही. कमी प्रमाणाच्या मिश्रणात मर्यादेपलीकडे पाणी शिरले की ते इथेनॉलला ओढून तळाशी बसते आणि वर ऑक्टेन गमावलेले पेट्रोल उरते. पावसाळ्यात गावच्या शेडमध्ये महिनोन्महिने अर्धी भरलेली टाकी घेऊन उभी असलेली गाडी, फवारणी यंत्र किंवा पंचायतीचे जनित्र यांस हा धोका विशेष असतो. जुन्या रबरी नळ्या फुगणे आणि पितळी वा जस्ताच्या भागांस गंज चढणे, हेही तेथेच आधी दिसते.

पाण्याची हीच ओढ माध्यमिक शाळेच्या प्रयोगशाळेत उपयोगी पडते. 100 मिलिलिटरच्या काचेच्या मोजपात्रात 20 मिलिलिटर पाणी घ्यावे, त्यावर 80 मिलिलिटर पंपाचे पेट्रोल ओतावे, झाकण लावून हलवावे आणि वाफ सोडून पात्र स्थिर ठेवावे. पाण्याचा थर वाढून सुमारे 36 वर आला, तर 80 मधील 16 मिलिलिटर, म्हणजे 20 टक्के, इथेनॉल पाण्यात उतरले असे समजावे. दोन द्रव मिसळताना आकारमान किंचित आकसते, त्यामुळे प्रत्यक्ष आकडा थोडा कमी दिसतो. हा प्रयोग शिक्षकांनी स्वतः, उघड्या जागी, ज्योत व विजेच्या बटनांपासून दूर करून दाखवावा आणि वापरलेले पेट्रोल गटारात टाकू नये.