अभियांत्रिकीचा नवा विद्यार्थी

अभियांत्रिकी महाविद्यालयात नव्याने दाखल झालेल्या विद्यार्थ्यापुढे पहिल्या काही आठवड्यांतच एक लाकडी ठोकळा येतो. एका अंगाने पायरीसारखा कापलेला व मधोमध आरपार भोक असलेला हा ठोकळा समोरून कसा दिसेल आणि वरून कसा दिसेल, ते कागदावर रेखाटावयाचे असते. बारावीस गणितात उत्तम गुण मिळविलेला मुलगाही येथे अडखळतो. उदाहरणे त्याने शेकड्यांनी सोडविलेली असतात. परंतु वस्तू मनात फिरवून पाहण्याची सवय त्याला कोणी लावलेली नसते. शेजारचा विद्यार्थी मात्र झपाट्याने रेषा ओढीत असतो, कारण घरच्या सुतारकामामुळे असे ठोकळे त्याने लहानपणापासून हाताळलेले असतात. पहिल्यास हे कारण ठाऊक नसते. आपली बुद्धीच तोकडी आहे, एवढाच निष्कर्ष तो काढतो.

पहिल्या वर्षातील पुष्कळसे दुःख या एका चुकीच्या निष्कर्षातून उद्भवते. आपापल्या शाळेत पहिले आलेले साठ विद्यार्थी एका वर्गात बसले, तर त्यांतील निम्मे वर्गाच्या मध्याच्या खालीच राहणार. हे साधे अंकगणित आहे. पण ते प्रवेशाच्या दिवशी कोणी समजावून सांगत नाही, आणि ऑक्टोबरमध्ये चाचणीचे गुण लागल्यावर ते सांगून उपयोग होत नाही. तोवर मुलाने घरी दूरध्वनी करणे कमी केलेले असते.

ठोकळ्याची अडचण दूर करणे मात्र फारसे कठीण नाही. जुना पुठ्ठा काटकोनात दुमडावा. त्याचा अर्धा भाग जमिनीसारखा आडवा व अर्धा भिंतीसारखा उभा ठेवावा. साबणाची वडी किंवा मुळ्याचा तुकडा कापून हवा तो ठोकळा तयार करावा आणि तो आडव्या भागावर, भिंतीच्या पुढे ठेवावा. समोरून पाहून जे दिसेल ते उभ्या पुठ्ठ्यावर काढावे, वरून पाहून जे दिसेल ते आडव्यावर. नंतर ठोकळा उचलून उभा पुठ्ठा मागे आडवा पाडावा. समोरचे दृश्य वर आणि वरचे दृश्य खाली, अशी मांडणी आपोआप समोर येते. भारतात रूढ असलेल्या पहिल्या कोनाच्या प्रक्षेपणपद्धतीचे मर्म एवढेच आहे. नियम पाठ करून जे आठवड्यात उमगत नाही, ते या खटाटोपाने बहुधा एका सायंकाळी उमगते. मुळा चिरण्यात कमीपणा मानू नये.

कार्यशाळेतही हाच अनुभव येतो. शेगड्यात धरलेली पोलादी पट्टी कानशीने घासून चौरस करावयाची असते. गुण्या लावला की कडेखालून प्रकाशाची फट दिसते, आणि पुन्हा घासावे लागते. ज्याला आजवर उत्तर एकदम बरोबर किंवा एकदम चूक एवढेच माहीत होते, त्याला थोडे थोडे बरोबर होत जाणे ही गोष्ट येथे प्रथमच भेटते.

भाषेची अडचण याहून खोल आहे. ‘त्वरण’ आणि ‘संवेग’ या शब्दांनी ज्याने हिंदीतून वा मराठीतून भौतिकशास्त्र शिकले, त्यास ‘अ‍ॅक्सिलरेशन’ व ‘मोमेंटम’ ऐकून ओळखीचा विषयही परका वाटतो. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने 2021 मध्ये काही भारतीय भाषांतून अभियांत्रिकी शिकविण्यास अनुमती दिली. तथापि बहुसंख्य वर्ग इंग्रजीतूनच चालतात. अशा विद्यार्थ्याने वहीच्या पानाचे दोन भाग करून एकात इंग्रजी संज्ञा व दुसऱ्यात आपला शब्द लिहीत जावे. वर्गात शंका आपल्या भाषेत विचारल्यास शिक्षकांनी ती ऐकून घ्यावी. शंका भौतिकशास्त्राची असते, व्याकरणाची नव्हे.

ही मदत योगायोगावर सोडू नये, हा विचार आपल्याकडे अलीकडे रुजू लागला आहे. गांधीनगरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेने 2011 मध्ये नव्या विद्यार्थ्यांसाठी पाच आठवड्यांचा पायाभूत कार्यक्रम सुरू केला. वाराणसीच्या संस्थेने 2016 मध्ये तसा उपक्रम हाती घेतला. पुढे तंत्रशिक्षण परिषदेने सर्व महाविद्यालयांसाठी तीन आठवड्यांच्या प्रवेशोत्तर परिचय-कार्यक्रमाची शिफारस केली. नेहमीचे पाठ सुरू होण्यापूर्वी खेळ, कला, परिसरातील भेटी व मोकळी चर्चा व्हावी, आणि सुमारे वीस विद्यार्थ्यांच्या गटामागे एक मार्गदर्शक शिक्षक असावा, अशी तिची रूपरेषा आहे. आमच्या मते यातील खरी मोलाची गोष्ट शेवटचीच होय. तीन आठवडे सरतात, भाषणे विस्मरणात जातात. परंतु नावाने ओळखणारा एक शिक्षक चारही वर्षे उपयोगी पडतो. रॅगिंगबाबत तर विद्यापीठ अनुदान आयोगाचे 2009 चे विनियम स्पष्ट आहेत: तो अपराध आहे, आणि ओळख करून देण्याच्या सबबीखालीही त्यास क्षमा नाही. नव्या विद्यार्थ्याने तो मुकाट्याने सोसू नये.

पहिल्या चाचणीनंतरचा आठवडा मार्गदर्शकाने विशेष राखून ठेवावा. कमी गुण मिळालेल्या विद्यार्थ्यास एकटे बोलवावे व उत्तरपत्रिका त्याच्यासमवेत ओळीओळीने पाहावी. भिंतीला टेकलेल्या शिडीच्या उदाहरणात त्याने समीकरणे बिनचूक मांडली असतील, पण जमिनीचे घर्षण आकृतीत दाखवावयाचे राहिले असेल. म्हणजे चूक एका बाणाची. त्याला ती स्वतः शोधू द्यावी. मग झोप किती होते, जेवण कोणाबरोबर होते आणि घरी शेवटचे कधी बोलणे झाले, हे विचारावे; आणि उत्तर येण्यास वेळ लागला, तर तेवढा वेळ थांबावे.