युरोपातील कॅथॉलिक तीर्थयात्रा : वाटाड्या, वाहन आणि यात्रेकरू

युरोपातील कॅथॉलिक तीर्थक्षेत्रांची यात्रा काढणाऱ्या एखाद्या प्रवासी कंपनीचे माहितीपत्रक उघडून पाहावे. मांडणी बहुधा ठरलेली असते. लिस्बनला उतरायचे, तेथून फातिमा, मग उत्तरेस सांतियागो दे कोम्पोस्तेला, पुढे पिरेनीज पर्वताच्या पायथ्याशी लूर्द, आणि शेवटी इटलीत पादुआ, असिसी व रोम. दहा-बारा दिवसांचा प्रवास, एक बस, एक वाटाड्या, सोबत एक धर्मगुरू, आणि कोणत्या दिवशी कोणत्या चर्चमध्ये किती वाजता मिस्सा व्हायची याचे आगाऊ ठरवलेले वेळापत्रक. हे पत्रक वाचताना मनात एक शंका आल्यावाचून राहत नाही. घड्याळाच्या काट्यावर चालणारी, पैसे भरून घेतलेली ही यात्रा खरोखर यात्रा म्हणावी की नुसती सहल?

ही शंका केवळ अश्रद्ध माणूसच घेतो असे नाही. श्रद्धावंतांनाही ती अस्वस्थ करते. पूर्वीचा यात्रेकरू अनवाणी चालला, उपाशी राहिला, वाटमाऱ्यांना तोंड देत पोहोचला. आजचा मात्र गादीच्या आसनावर झोप काढीत पोहोचतो, अशी तुलना नेहमी केली जाते. ही तुलना कितपत खरी आहे, आणि खरी असल्यास तिच्यातून काय निष्पन्न होते, हे या क्षेत्रांच्याच इतिहासाच्या आधारे पाहण्याचा प्रस्तुत लेखात प्रयत्न केला आहे.

वाटाड्या नवा नाही

पहिली गोष्ट ही की, जुना यात्रेकरू एकटा आणि आपल्या मर्जीने भटकत होता, ही समजूतच फारशी टिकत नाही. स्पेनच्या वायव्य टोकाला असलेल्या सांतियागो येथे येशूचा शिष्य संत याकोब याची कबर सापडल्याची वार्ता नवव्या शतकात पसरली आणि सबंध युरोपातून लोक तिकडे लोटू लागले. बाराव्या शतकात या क्षेत्रासंबंधी 'कोदेक्स कालिक्स्तिनुस' नावाचा एक लॅटिन ग्रंथ सिद्ध झाला. त्याचा पाचवा भाग म्हणजे चक्क प्रवास-मार्गदर्शिका आहे. फ्रान्समधून येणारे चार रस्ते कोणते, ते स्पेनमध्ये पुएन्ते ला रेना येथे कसे एकत्र होतात, पिरेनीजच्या घाटापासून सांतियागोपर्यंत तेरा मुक्काम कसे करावेत, कोणत्या नदीचे पाणी पिण्याजोगे आणि कोणत्या नदीचे पाणी घोड्याला घातक, नावाडी आणि जकातवाले कोठे लुबाडतात, वाटेत कोणकोणत्या संतांच्या समाध्यांचे दर्शन घ्यावे, हे सारे त्यात सांगितले आहे. आजच्या माहितीपत्रकाचा हा पूर्वजच म्हणावा लागेल!

पंधराव्या शतकात व्हेनिस शहराने तर हा व्यवहार आणखी पुढे नेला. पवित्र भूमीला जाऊ इच्छिणारा यात्रेकरू व्हेनिसला येऊन गलबताच्या मालकाशी लेखी करार करी. जाण्यायेण्याचे भाडे, जहाजावरचे जेवण आणि जेरुसलेममधील दर्शनाची व्यवस्था यांचा एकत्रित आकार भरी. उल्म येथील डोमिनिकन मठवासी फेलिक्स फाब्री याने १४८० व १४८३ साली असे दोन प्रवास केले आणि त्यांचे सविस्तर वर्णन लिहून ठेवले.

रोमचा दाखलाही असाच आहे. पोप आठवे बोनिफास यांनी १३०० साली पहिले ज्युबिली वर्ष जाहीर केले. बाहेरगावच्या भाविकाने पंधरा दिवस आणि रोमच्या रहिवाशाने तीस दिवस संत पेत्र व संत पौल यांच्या महामंदिरांना भेट द्यावी, असा नियम होता. गर्दी इतकी उसळली की टायबर नदीवरच्या पुलावर जाणाऱ्यांची आणि येणाऱ्यांची बाजू वेगळी करावी लागली. दान्तेने आपल्या 'दिव्य सुखान्तिके'तील नरकवर्णनात या व्यवस्थेचा उपमा म्हणून उपयोग केला आहे. सारांश, नियम, वेळापत्रक, भाडे, वाटाड्या आणि गर्दीचा बंदोबस्त या गोष्टी यात्रेला विसाव्या शतकाने चिकटवलेल्या नाहीत. त्या पहिल्यापासूनच तिच्या सोबत आहेत.

परंतु त्याच रोममध्ये आणखी एक परंपरा निर्माण झाली. संत फिलिप नेरी यांनी १५४८ साली एक बंधुसंघ स्थापन केला. १५५० च्या ज्युबिलीत या संघाने दमून आलेल्या गरीब यात्रेकरूंना आसरा व जेवण देण्याचे काम अंगावर घेतले. पुढे या संघात मोठमोठी माणसे सामील झाली आणि अनोळखी यात्रेकरूंचे धुळीने माखलेले पाय आपल्या हातांनी धुऊ लागली. बंदोबस्त आणि सेवा यांतला हा फरक पुढील विवेचनासाठी ध्यानात ठेवला पाहिजे.

रुळांवरून आलेली यात्रा

आता लूर्दकडे वळू. ११ फेब्रुवारी ते १६ जुलै १८५८ या काळात बर्नादेत सुबिरू या चौदा वर्षांच्या गरीब मुलीला गाव्ह नदीकाठच्या मासाबिएलच्या गुहेत अठरा वेळा एका 'स्त्री'चे दर्शन झाले, असे तिने सांगितले. २५ फेब्रुवारीला तिने तेथील माती उकरली आणि झरा लागला. पोलीस आणि धर्मगुरू या दोघांनीही तिची कसून चौकशी केली. अखेर १८६२ साली तार्बच्या बिशपांनी या दर्शनांना मान्यता दिली.

त्यानंतर चारच वर्षांनी, १८६६ मध्ये, लूर्दला रेल्वे पोहोचली. लूर्दच्या इतिहासात ही घटना दुय्यम समजली जाते. वस्तुतः ती निर्णायक आहे. सांतियागोचा रस्ता धडधाकट माणसाचा होता. ज्याचे पाय लुळे, ज्याची छाती पोखरलेली, जो अंथरुणाला खिळलेला, त्याने तेरा मुक्काम करावेत कसे? आगगाडीने हा अडसर दूर केला. १८७३ साली फ्रान्सच्या राष्ट्रीय यात्रेला आरंभ झाला आणि पुढच्या काही वर्षांत पॅरिसहून रुग्णांनी भरलेल्या गाड्या लूर्दला येऊ लागल्या. त्यांना स्थानकावर उतरवून घेणे, गुहेपर्यंत नेणे, भरवणे, धुणे-पुसणे यांसाठी १८८५ मध्ये स्वयंसेवकांचा एक संघ उभा राहिला. हे स्वयंसेवक आपल्या खर्चाने येतात आणि काही दिवस राबून परत जातात.

आजही लूर्दच्या दैनंदिन मिरवणुकीत रुग्णांचा मान पहिला असतो. चाकांच्या खुर्च्या आणि ओढायच्या गाड्या पुढे, चालणारे त्यांच्या मागे. सायंकाळच्या मेणबत्त्यांच्या मिरवणुकीत हजारो माणसे वेगवेगळ्या भाषांत एकच जपमाळ म्हणत चालतात, पण त्यांचा वेग आघाडीच्या खुर्च्या ठरवतात. धडधाकट माणसाला येथे थांबावे लागते. जगातील बहुतेक रांगांत जो मागे ढकलला जातो तो येथे पुढे असतो, ही लूर्दची खरी विशेषता होय.

बरे होणे आणि न होणे

लूर्द म्हटले की चमत्काराचा प्रश्न निघतो, आणि तो टाळून चालणार नाही. या बाबतीत खुद्द चर्चची भूमिका आपण समजतो त्याहून बरीच सावध आहे. १८८३ पासून तेथे एक वैद्यकीय कार्यालय आहे. आजार गंभीर होता काय, निदान पक्के होते काय, बरे होणे अचानक, पूर्ण आणि टिकाऊ होते काय, औषधोपचाराने त्याचा उलगडा होतो काय, असे प्रश्न डॉक्टर विचारतात. आणि त्यानंतर त्या व्यक्तीच्या धर्मप्रांताचा बिशप निर्णय देतो. आजवर सात हजारांहून अधिक लोकांनी आपण बरे झाल्याची नोंद केली. त्यांपैकी १८५८ पासून २०१८ पर्यंत चर्चने चमत्कार म्हणून मान्य केलेल्या घटना फक्त ७० होत्या.

लक्षावधी रुग्ण येतात आणि मोजक्याच घटना मान्य होतात. मग बाकीचे काय घेऊन परततात? या प्रश्नाचे उत्तर बर्नादेतच्याच आयुष्यात शोधता येईल. तिला लहानपणापासून दम्याचा विकार होता. १८६६ साली ती नेव्हेर येथील मठात गेली, ती परत लूर्दला आलीच नाही. मठात ती रुग्णसेविकेचे काम करी. पुढे हाडांच्या क्षयाने तिचा गुडघा गेला आणि १६ एप्रिल १८७९ रोजी, पस्तिसाव्या वर्षी, ती मरण पावली. १९३३ साली चर्चने तिला संतपद दिले, ते तिला दर्शन झाले म्हणून नव्हे, तर तिच्या जीवनासाठी. जिच्या हातांनी झरा मोकळा झाला ती स्वतः बरी झाली नाही, ही गोष्ट लूर्दला जाणाऱ्या प्रत्येक रुग्णाच्या कानी येते. 'तू बरा झाला नाहीस म्हणजे तुझी श्रद्धा कमी पडली', असे त्यानंतर त्याला कोणी म्हणू शकत नाही.

दोन फ्रेंच लेखकांनी लूर्दवर लिहिले. एमिल झोला यांची 'लूर्द' ही कादंबरी १८९४ ची. चमत्कारांवर त्यांचा विश्वास नव्हता आणि तेथील बाजारावर त्यांनी कोरडे ओढले. दुसरे ह्युइसमान्स, ते स्वतः श्रद्धावान कॅथॉलिक, पण कलेचे मर्मज्ञ. १९०६ च्या पुस्तकात त्यांनी तेथील इमारतींच्या कुरूपतेवर झोड उठवली. परंतु रुग्णांची वेदना आणि त्यांच्याभोवतीची माणुसकी या दोघांनाही टाळता आली नाही. स्मृतिवस्तूंच्या दुकानांच्या रांगा आजही तेथे आहेत, आणि पाटीवर नाव कोणत्याही संताचे असले तरी दुकान ते दुकानच.

पायी चालण्याचा नियम

लूर्दच्या उलट टोकाला सांतियागो आहे. तेथे 'कोम्पोस्तेला' नावाचे प्रमाणपत्र मिळते. पण ते मिळवायचे तर निदान शेवटचे १०० किलोमीटर पायी, किंवा २०० किलोमीटर सायकलवर यावे लागते, आणि वाटेतल्या मुक्कामांचे शिक्के आपल्या यात्रापुस्तिकेवर घ्यावे लागतात. बसने आलेल्याला संत याकोबाच्या कबरीचे दर्शन घडते, मिस्सा मिळते, पण प्रमाणपत्र मिळत नाही. ही जुनी वाट मध्यंतरी जवळजवळ ओस पडली होती. ओ सेब्रेइरो या डोंगरी गावचे धर्मगुरू एलियास वालिन्या यांनी १९८० च्या दशकात रंगाचा डबा घेऊन वाटेवर पिवळे बाण रंगवले. १९८७ मध्ये कौन्सिल ऑफ युरोपने तिला पहिला सांस्कृतिक मार्ग म्हणून घोषित केले. २०२४ साली यात्रेकरूंची संख्या पाच लाखांच्या जवळ पोहोचली. त्यांत श्रद्धेने चालणारे आहेत, तसेच नुसते चालण्यासाठी चालणारेही पुष्कळ आहेत. म्हणजे पायपीट केली की यात्रा आपोआप घडते, असेही नाही.

फातिमा या दोहोंच्या मध्ये बसते. १९१७ साली १३ मे ते १३ ऑक्टोबर या काळात लुसिया, फ्रान्सिस्को आणि जासिंता या तीन गुराखी मुलांना तेथे पवित्र मरियेचे दर्शन झाले, असे मानले जाते. मे महिन्यात पोर्तुगालच्या कानाकोपऱ्यातून लोक पायी येतात. काही जण दर्शनस्थळाच्या छोट्या चॅपेलपर्यंतचा उताराचा फरसबंद पट्टा गुडघ्यांवर चालून नवस फेडतात. त्याच पटांगणात बसने आलेली म्हातारी माणसे हातात मेणबत्ती धरून उभी असतात. तेथे कोणी कोणाला 'तू कसा आलास' असे विचारीत नाही.

आपल्याकडचे दुवे

वसई, मुंबई आणि गोवा येथील कॅथॉलिकांना ही यात्रा सर्वस्वी परक्या देशाची वाटत नाही, याला कारण आहे. संत फ्रान्सिस झेवियर यांचा देह जुन्या गोव्यातील बॉम जेझूच्या महामंदिरात आहे. पण त्यांचा उजवा हात सतराव्या शतकात रोमला नेण्यात आला आणि तेथील जेझू चर्चमध्ये तो ठेवलेला आहे. गोव्याचा भाविक त्या वेदीपुढे उभा राहतो तेव्हा त्याला घरचेच माणूस भेटते. तसेच, वसईत जन्मलेले फ्रान्सिस्कन बंधू गोन्सालो गार्सिया ५ फेब्रुवारी १५९७ रोजी जपानात नागासाकी येथे क्रुसावर हुतात्मा झाले आणि १८६२ साली पोप नववे पायस यांनी रोममध्ये त्यांना संतपद दिले. वसईहून रोमला जाणारा यात्रेकरू, या अर्थाने, आपल्या गावच्या माणसाचा मागोवा घेत जातो.

समारोप

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. वाटाड्या, वेळापत्रक आणि भाडे यांमुळे यात्रेची सहल होते, असे इतिहास सांगत नाही. वाहनामुळे होते, असेही म्हणता येत नाही; कारण ज्या आगगाडीने यात्रा सोपी केली त्याच आगगाडीने ती रुग्णांना प्रथम खुली केली. सत्तरीतली एखादी आजी, संधिवाताने वाकलेली, बसमधून उतरून मासाबिएलच्या खडकाला हात लावते तेव्हा तिची यात्रा शंभर किलोमीटर चालून आलेल्या तरुणापेक्षा उणी कशी मानावी?

मात्र याच निकषावर आजच्या आयोजित यात्रेतला दोषही उघडा पडतो. दहा दिवसांत सहा क्षेत्रे 'उरकायची' म्हटली की थांबायला वेळ राहत नाही. 'वीस मिनिटांत बसपाशी या' असे वाटाड्या म्हणतो तेव्हा त्याच आजीची धांदल उडते. तिच्यासाठी आलेली बस तिलाच मागे टाकू पाहते. अशा वेळी बाकीचे प्रवासी घड्याळाकडे पाहून कुरकुरतात की कोणी मागे वळून तिचा हात धरतो, यावर ती मंडळी यात्रेकरू आहेत की प्रवासी, हे ठरते. फिलिप नेरींच्या बंधुसंघाने रोममध्ये आणि स्वयंसेवकांनी लूर्दमध्ये जे केले ते याहून वेगळे नव्हते. तेव्हा यात्रेचे माहितीपत्रक हाती घेणाऱ्याने क्षेत्रे किती दाखवणार, हे विचारण्याआधी सर्वांत सावकाश चालणाऱ्या माणसासाठी किती वेळ राखला आहे, हे विचारावे. त्यासाठी एखादे क्षेत्र गाळावे लागले तर खुशाल गाळावे.